निहारचं पिवळं कोपर

"लिगामेंट पूर्ण फाटलंय," डॉक्टर म्हणाले. मग निहारच्या हाताकडे वाकून बघत त्यांनी विचारलं, "आणि हे पिवळं काय आहे?"

खोलीत आम्ही तिघं होतो. माझा नातू निहार, त्याची आई म्हणजे माझी लेक वर्षा, आणि मी. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या सांगाड्याकडे.

ती आंबेहळद होती. खास नागपूरहून आणलेली. तीन आठवडे मी ती उगाळून त्याच्या कोपराला लेप देत होते, आणि ही गोष्ट फक्त आम्हा दोघांना माहीत होती.

निहार बेसबॉलचा पिचर आहे. आपल्याकडचा गोलंदाजच म्हणा, फक्त हा कोपरात हात वाकवून फेकतो. मोठ्या लीगच्या खालच्या संघात पगारी खेळाडू आहे. अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमचं घर, तिथून त्याचं मैदान तासाभरावर. त्याने करार केला तेव्हा मी म्हटलं होतं, "चेंडू फेकायचा पगार? मग इंजिनिअरिंग कोण करणार?" तेव्हा मी फार शहाणी होते.

दुखायला लागलं तेव्हा तो मला म्हणाला, "आजी, मॉमला नको सांगू. कोचला पण नाही. दे विल बेंच मी, बाहेर बसवतील." आणि मला चक्क अभिमान वाटला.

कारण असं, की चोविसाव्या वर्षी, नणंदेच्या लग्नात, पायाचं हाड मोडलेलं असताना मी तीन दिवस पंगती वाढल्या होत्या. कुणाला कळू दिलं नाही. तेव्हाच्या त्या येडीला, म्हणजे मला, वाटलं होतं, पुढे सगळे वाहवा करतील. प्रत्यक्षात सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सूनबाई वाढायला फार हळू आहे." तरी ही शौर्यकथा मी निहारला लहानपणापासून झोपताना सांगत आले. दरवेळी एक पंगत वाढवून.

फाटलं होतं ते अल्नर कोलॅटरल लिगामेंट. म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूला दोन हाडांना बांधून ठेवणारी चिवट पट्टी. डॉक्टर म्हणाले, "लेपाने काही बिघडलं नाही. पण दुखत असताना हा फेकत राहिला. थोडं फाटलेलं तेव्हा पूर्ण गेलं असावं."

"परत फेकेल ना?" वर्षाने विचारलं.

"बरेच जण फेकतात. सगळे नाही."

गाडीतून परतताना, घराजवळच्या सिग्नलला वर्षा म्हणाली, "आई, ती लग्नाची गोष्ट आता बंद."

ऑपरेशनमध्ये मनगटाकडचा एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, काढून कोपराच्या हाडांना भोकं पाडून ओवला. आम्ही वेटिंग रूममध्ये बसलो होतो. मी चार वेळा कॉफी घेतली, एकदाही प्यायले नाही.

पुढे फिजिओथेरपी. वर्षा आणि जावई ऑफिसला जायचे, म्हणून वहीची ड्यूटी माझी. रोज व्यायामानंतर दुखणं शून्य ते दहात लिहायचं.

"किती?"

"टू."

"घाम बघ किती आलाय. आजीला उल्लू बनवतोस?"

त्याने बाहीने कपाळ पुसलं. "ओके. फाइव्ह. मे बी सिक्स."

मी सहा लिहिले. ऑपरेशनपासूनचे सगळे 'दोन' खोटे होते, हे तेव्हा मला कळलं. फिजिओने दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी केला. हात तिथून सुधारायला लागला.

तुमच्या घरात कुणी खेळणारं असेल, तर लेप खुशाल लावा. पण आधी डॉक्टरला दाखवा. आणि सोसण्याचं कौतुक जरा कमी करा.

चौदा महिन्यांनी निहार पुन्हा मैदानात उतरला. पहिले दोन सामने छान गेले. तिसऱ्यात, संघ पुढे असताना, फलंदाज समोर उभा असताना, त्याने स्वतःहून हात वर केला आणि ट्रेनरला बोलावलं. दंडाचा स्नायू नुसता आखडला होता. दहा दिवसांच्या विश्रांतीनंतर तो पुन्हा फेकायला लागला, आजही फेकतोय. पण त्या वेळी हे कुणालाच माहीत नव्हतं. तो खाली मान घालून चालत बाहेर येत होता.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सॉफ्ट." म्हणजे लेचापेचा.

मी उठून उभी राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. वर्षाने पदर ओढला, तरी बसले नाही.