कासाबाईच्या हातचा चाफा

आमच्या झरी गावात पांढरा चाफा सगळ्यांना हवा असायचा, लावायला मात्र कुणी पुढं यायचं नाही. देवाला फुलं हवीत, दारात वास हवा, पण हात दुसऱ्याचा हवा, असा गावाचा स्वभाव. लावलेला चाफा पहिल्यांदा फुलला की लावणाऱ्याच्या घरातलं एक माणूस तो नेतो, असं सगळे मानत. लावणाऱ्याला तेवढं सोडतो, कारण मग पाणी कोण घालणार?

कासाबाई निजामाच्या अमदानीतली, माझ्या लहानपणची. शेळ्या राखायची, मिळेल ती मोलमजुरी करायची. नवी नवरी असताना तिनं हौसेनं खोपटापुढं चाफा लावला. तो फुलला त्याच आठवड्यात तिचा नवरा येडबा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. गाव हळहळलं, आणि डोळे पुसून होताच फांद्या घेऊन तिच्या दारात उभं राहिलं. आता तिच्या घरात चाफ्याला न्यायला उरलं होतं कोण?

तिचा हात मोठा गुणाचा. फांदी कापायची, पानं काढायची आणि सावलीत टाकून द्यायची. कापल्या जागचा चीक सुकून खपली धरली की मगच मातीत. लोक घाई करायचे.

"जखम वली हाय," ती म्हणायची. "आत्ता पुरली तर सडंल."

पुरली, हा तिचाच शब्द. तिच्या हातची झाडं फुलत गेली, कुणी मेलं नाही, आणि गावाचा विश्वास आणखी पक्का झाला.

मग चारठाण्याला दिलेली तिची बहीण आणि मेहुणा पटकीनं गेले. त्यांची पोर, केवळा, कासाबाईकडं आली. शेळीच्या करडासारखी दिवसभर मावशीच्या मागंमागं. कासाबाई पुन्हा हसायला लागली, आणि तेव्हाच तिला भीतीनं धरलं. घरात न्यायला माणूस झालं होतं, आणि तिनं लावलेले, अजून न फुललेले कितीतरी चाफे गावात उभे होते.

ती सकाळी शेळ्या सोडायच्या निमित्तानं दारोदार फिरू लागली. बोडक्या फांदीच्या टोकाला कळ्या दिसल्या की नखानं खुडायची. एकदा आमची शेजारीण पार्वतीबाई हिनं तिला पकडलं.

"काय करायलीस गं?"

"कीड लागलीया," कासाबाई म्हणाली, आणि चिकाचे हात पदराला पुसले.

त्या वर्षी नवा चाफा कुणाकडंच फुलला नाही. मला वाटतं, तिनं ते मुळासकट उपटायला हवे होते. पण स्वतः जगवलेलं उपटणं तिच्या हाताला जमलं नसावं.

ज्येष्ठातल्या एका दिवेलागणीला खोपटाच्या मागून वास आला. कासाबाई चूल सोडून धावली. फुटक्या माठात एक फांदी उभी होती. तिला पान एक नव्हतं, पण टोकाला फुलं उघडली होती. कळी धरलेली फांदी मूळ फुटायच्या आधीच, अंगातल्या चिकावर फुलते. म्हणून कासाबाई असल्या फांद्या फेकून देत असे.

"ह्यो कुणी लावला?"

"म्या," केवळा म्हणाली. "तू फेकलेली फांदी. चीक बी सुकू दिला हुता."

कासाबाईनं पोरीला जवळ ओढलं, आणि मग हसली. पोर वाचली होती. लावणाऱ्याला तो सोडतो, आणि पोरीच्या घरात दुसरं माणूस एकच होतं.

"लय गुणाची हाय माझी बाय," ती म्हणाली. "पण कुणी इचारलं तर मावशीनं लावला म्हण. काय बी झालं तरी."

आठवड्याच्या आत ती गेली. ताप नाही, दुखणं नाही. खोपटात चाफ्याचा वास इतका कोंडला होता की तिरडी बांधणाऱ्यांनी नाकाला फडकी लावली.

गाव बिथरलं. कासाबाईच्या चाफ्यानं कासाबाईलाच नेलं, म्हणजे आता त्याला काही धरबंधच उरला नाही, आणि दारोदार तिचेच चाफे. भुजंग नावाचा गडी कुऱ्हाड घेऊन निघाला. पहिला घाव आमच्या दारच्या झाडावर पडला आणि पांढरा चीक खोडावरून भुईपर्यंत ओघळला. केवळा कुठून तरी धावत आली आणि झाडाला बिलगली.

"मावशीची झाडं नका तोडू. ज्यानं तिला नेलं त्यो तिनं न्हाई लावला. म्या लावला."

भुजंगानं कुऱ्हाड खाली ठेवली. सगळे तिच्याकडं बघायला लागले. ते बघणं आठवलं की अजून माझ्या अंगावर काटा येतो. कुणाच्या नजरेत राग नव्हता. सगळ्यांना हायसं वाटलं होतं.

पुढच्या चैत्रात पार्वतीबाई फांदी घेऊन पोरीकडं गेली. केवळानं चीक सुकू दिला आणि फांदी पार्वतीबाईच्या अंगणात लावून दिली. माती दाबता दाबता तिनं विचारलं, "काकू, आता मी तुमच्यात ऱ्हाऊ? रातीचं एकलीला भ्या वाटतं."

पार्वतीबाई वाईट बाई नव्हती. तिचे डोळे भरून आले.

"तू आमच्यात आलीस की आमी तुझ्या घरचे झालो, माय," ती म्हणाली. "मग त्यो फुलला की कुणाला न्हेईल?"

केवळानं मान डोलावली. तिला ते लगेच पटलं.