काकांच्या खिडकीतला बोर्ड

विजेवरची स्कूटर घेतली तेव्हा एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी राहतो चौथ्या मजल्यावर आणि तिची बॅटरी काही सुटी होत नाही. डोंबिवलीतली आमची इमारत जुनी, पार्किंगमध्ये प्लग नाही. पहिल्याच दिवशी चार्जर हातात धरून मी खुळ्यासारखा उभा होतो. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर सोडला.

"लाव रे. बघत काय राहिलास?"

काका एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. काकू गेल्यापासून एकटेच. विजेचे पैसे देऊ केले तर चिडले.

"पैसे ठेव तुझ्याकडे. रोज एक बातमी सांगायची. आयुष्यभर धूर गिळला, आता जग सुधारतंय म्हणतात. कुठवर आलंय ते कळू दे मला."

तेव्हापासून घरी येण्याआधी मी मोबाइलवर एखादी बातमी शोधून ठेवायचो. नॉर्वेत नवी पेट्रोलची गाडी आता क्वचितच कोणी घेतं. चीनमध्ये बॅटऱ्या स्वस्त होत चालल्यात. दिल्लीत जुन्या गाड्यांवर बंदी आली, मग सरकारनेच माघार घेतली. काका गज धरून ऐकायचे.

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे तुमची खिडकी आहे ना, काका."

यावर रोज हसायचे. मग काकूंच्या गोष्टी, मग कारखान्यातल्या. त्याच त्या. गजांतून आलेला चहा मी उभ्यानेच प्यायचो आणि मान हलवायचो.

आता खरं लिहितो. मला कंटाळा यायला लागला होता. वर कोणी वाट बघत होतं असंही नाही, मीही एकटाच राहतो. तरी वर जायची घाई असायची. सोसायटीच्या सभेत मागच्या बाजूला चार्जिंग पॉइंट बसवायचा विषय मीच काढला. काकांनीही हात वर केला. "बसवा, बसवा. काळाबरोबर जायला हवं," म्हणाले.

पॉइंट बसला. आता खिडकीची गरज नाही, हे त्यांना सरळ सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "काका, हल्ली ऑफिसातच चार्ज करतो."

"बरं झालं," ते म्हणाले.

बोर्ड मात्र खिडकीतून लोंबतच राहिला. अंधार पडला की त्याचा लाल दिवा दिसायचा. तो दिसू नये म्हणून मी मागच्या फाटकाने ये-जा करू लागलो.

एका संध्याकाळी पॉइंट बंद पडला. सकाळी कामाला कल्याणला जायचं होतं आणि बॅटरी पार उतरलेली. गाडी ढकलत पुढे आणली. काका खिडकीत आले.

"काय रे, ऑफिसातली वीज गेली?"

मी डिकी उघडून चार्जर काढला.

"मी दूध आणायला मागच्याच फाटकाने जातो," ते म्हणाले. "रोज दिसते तुझी गाडी. सीट पुसत जा जरा, कावळे घाण करतात."

मी प्लग लावला. मान वर करवेना.

"बरं, आज कुठला देश?"

कित्येक महिन्यांत मी काही वाचलंच नव्हतं. "माहीत नाही, काका."

"युरोपवाले पेट्रोलच्या गाड्या बंद करायला आता कां-कूं करतायत म्हणे. पेपरात होतं. म्हटलं, तुला विचारावं, खरं काय ते."

चहा आला. काकूंचा विषय त्यांनी काढला नाही, कारखान्याचाही नाही. रात्री गाडी चार्ज झाल्यावर मी खाली येऊन वायर गुंडाळत होतो, तेव्हा म्हणाले, "उद्या येणार नाहीस ना? नाही, म्हणजे बोर्ड काढून ठेवतो. उगाच दिवा जळत राहतो."

'येतो' म्हणायला काय लागत होतं?

मी म्हणालो, "उद्या दुरुस्त होईल तो पॉइंट, काका."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याशी खरं बोललो, तेही नको तिथे.

पॉइंट दुरुस्त झाला. तरी काही दिवसांनी मी गाडी पुढच्या बाजूला नेली. युरोपची बातमी नीट वाचून आलो होतो. खिडकीत बोर्ड नव्हता. आत टीव्ही चालू होता, काकांचा खोकलाही ऐकू आला. हाक मारली असती तर आले असते. पण बोर्डाशिवाय त्या खिडकीशी कसं उभं राहायचं, हे मला कधी कळलंच नव्हतं.

गाडी वळवून मागे लावली. सीट पुसली आणि वर गेलो.