कुंदाबाईंच्या काचा

हे सांगायचं मी अकरा वर्षं टाळत आलो. महिन्याभरापूर्वी कुंदाबाई गेल्या. आमच्या मंडळाच्या शोकसभेत एक जण म्हणाला, "बाई गुणी होत्या, फक्त आपलं प्रार्थनागृह तेवढं गळकं झालं." सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली... म्हणून आता लिहितो. मंडळाला राग आला तर येऊ दे.

अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या आमच्या कारखान्यात कुंदाबाई ड्राफ्ट्समन होत्या, मी इंजिनिअर. शेडच्या छपरांची ड्रॉइंगं त्या करायच्या. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, आणि उभ्या काचा उत्तरेकडे. तिकडून ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. लेथवरच्या माणसाच्या हातावर सावली पडत नाही. मंडळाने शिवमंदिराच्या रस्त्यावर प्रार्थनागृह बांधायचं ठरवलं तेव्हा मी सचिव होतो. नकाशा कुंदाबाईंनीच काढला आणि छप्पर तेच ठेवलं, पत्र्याऐवजी स्लॅबचं. मे महिन्यात सूर्य जरा उत्तरेला सरकतो, म्हणून काचांवर हातभर छज्जा तेवढा वाढवला.

"बाई, हे देऊळ आहे की वर्कशॉप?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोन्हीकडे माणसं मान खाली घालूनच बसतात ना," त्या म्हणाल्या. "पोथी वाचता आली पाहिजे आणि म्हातारीच्या डोळ्यांवर ऊन यायला नको. बस."

झालंही तसंच. सकाळी आत गेलं की उजेड कुठून येतोय ते कळायचं नाही. दिवा लावावा लागायचा नाही, तरी समईची ज्योत स्पष्ट दिसायची. लोक आपोआप हळू बोलायचे.

मग मी आईच्या नावाने झुंबर दिलं. कुंदाबाई नको म्हणाल्या. मी ऐकलं नाही. स्लॅबला आरपार भोक पाडून बोल्ट घातला. त्या पावसाळ्यात तिथून पाणी शिरलं आणि स्लॅबखालून ओघळत काचेपाशी ठिबकलं. सभेत त्या उभ्या राहिल्या. "काचेवर बादली ओता, मग बोल्टवर ओता. कुठलं पाणी खाली येतं ते सगळ्यांदेखत बघू." सगळे माझ्याकडे बघायला लागले, मंडळात इंजिनिअर मी एकटाच. मला खरं काय ते माहीत होतं. मी म्हणालो, "काचांची जोडणी चुकली आहे."

काचांसकट सगळ्या छपरावर पत्रा ठोकला. बोल्टही त्याच पत्र्याखाली गेला, गळती थांबली, आणि माझं खरं ठरलं. आत ट्यूबलाइट आल्या. बदलापूरच्या एका आश्रमाने ध्यानमंदिराचं काम कुंदाबाईंना दिलं होतं, ते काढून घेतलं. पुन्हा कुणी त्यांना असलं काम दिलं नाही. पण गप्प बसल्या नाहीत त्या. भाजीबाजारात भेटल्या तरी चारचौघांत विचारायच्या, "साहेब, बादली कधी ओतायची?"

मागच्या रविवारी ओतली. या वयात शिडी चढलो. नवे सचिव खालून "काका, उतरा" म्हणत होते. पत्रा उचकटला. काचांवर पाणी ओतलं, आत थेंब नाही. बोल्टवर ओतलं, ते ओघळत काचेपाशी आलं आणि सतरंजीवर ठिबकलं. सगळ्यांनी पाहिलं. आता बोल्ट काढायचा आणि भोक बुजवायचं. पत्रा परत ठोकलात तर मी परत चढेन.

हे मी त्या असताना करायला हवं होतं. त्या जायच्या आठवडाभर आधी बुवापाड्यात त्यांच्या घरी गेलो होतो. वाक्य ठरवून गेलो होतो : कुंदाबाई, मी खोटं बोललो, माझं चुकलं. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. "बोला साहेब," म्हणाल्या आणि थांबल्या. तेवढ्यात भाचीने चहा आणून दिला. मी म्हणालो, "चहा छान झालाय."