कमरेचं माप

शिंपीणबाईंकडे ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते. माझ्या आधी बारा-तेरा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. बाईंनी कमरेभोवती टेप धरली, तसं तिनं पोट आत ओढलं आणि श्वास रोखून धरला.

"अगं, श्वास सोड. ड्रेस घट्ट होईल नाहीतर," बाई म्हणाल्या.

"घट्टच शिवा," आई हसत म्हणाली, "म्हणजे तरी कमी खाईल."

मुलगीही हसली, पण जमिनीकडे बघत.

मी तेवढीच असताना मावशी सहज म्हणाली होती, "केवढ्या मांड्या या पोरीच्या!" दुसऱ्या दिवसापासून मी विहिरीवर पोहायला जाणं सोडलं. पाणी मला फार आवडायचं. नंतरची चाळीस वर्षं मी ते काठावरूनच पाहिलं. ज्या शरीरानं आजारी आईला रोज उचलून बसवलं, त्याचीच मी लाज बाळगत आले. मावशीला ते वाक्य आठवतही नसेल.

त्या मुलीशी काहीतरी बोलावंसं वाटलं. "छान दिसतेस" म्हणावं, तर तेही पुन्हा दिसण्याबद्दलच झालं असतं. मला शब्द सापडेपर्यंत दोघी पायऱ्या उतरून गेल्या होत्या.