तिरप्या अक्षरातली पत्रिका

पुसदला माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. गिऱ्हाईक मोबाईलवर कितीही नवे नमुने दाखवो, नवरानवरीची नावं मी एकाच अक्षरात टाकतो. तिरपं, गुटगुटीत, जुन्या कॅलेंडरवर असायचं तसं. देठ बारीक, पोट जाड, शेवटी लहानशी शेपटी. कुंकवाच्या रंगात उमटलं की घरात पाहुणे आल्यासारखं वाटतं. बारशाला चालतं, मिठाईच्या डब्यावर चालतं. तेरवीच्या पत्रिकेला कोणी मागितलं तर मात्र मी चिडतो.

बहिणीची पत्रिका सगळीच्या सगळी त्याच अक्षरात केली. वडील आधीच गेलेले. आमच्याकडे विधवा आईचं नाव निमंत्रकांत टाकत नाहीत. कन्यादान थोरले काका-काकू, म्हणजे आमचे मोठे बाबा आणि मोठी आई, करणार, म्हणून नावंही त्यांचीच. मी म्हटलं, आईचंही टाकू. मोठे बाबा म्हणाले, "कायले नाट लावतो रे शुभकार्यात?" झालं! दुकान माझं, कॉम्प्युटर माझा, आई माझी, आणि मी मूग गिळून बसलो.

आईला वाचता येत नाही. सही येते, म्हणजे स्वतःचं नाव तेवढं ओळखते. पत्रिका घरी आली तेव्हा तिनं ओट्यावर बसून एकेका ओळीवरून बोट फिरवलं. मग पुन्हा वरपासून.

"काहून रे, माह्यं नाव सापडून नाही राह्यलं."

खरं सांगायची हिंमत झाली नाही. मी मोठ्या आईच्या नावावर बोट ठेवलं. "हे काय! अक्षर तिरपं हाय ना, म्हणून तुले ओळखू नाही आलं."

"हो ना बाप्पा," ती हसली. "किती साजरं दिसते!"

पत्रिका तिनं देवाच्या फोटोमागं ठेवली. आल्यागेल्याला काढून दाखवायची, "हे माह्यं नाव. पोरानं छापलं." वाचता येणारे माझ्याकडे बघायचे आणि गुपचूप चहा प्यायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण आता कोणत्या तोंडानं सांगणार?

यंदा सुट्टीत बहिणीची मुलगी आली. दुसरीत गेली आहे, दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटते. आईनं कौतुकानं तीच पत्रिका तिच्यापुढं धरली. मी बाजूलाच जेवत होतो.

"आजी, हे तुहं नाव नाही. मोठ्या आजीचं हाय."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी ताटात मान घातली.

आईनं पत्रिका काढून घेतली, पदरानं पुसली. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तिरपं अक्षर हाय बाई ते, तुले नाही समजत," ती हळूच म्हणाली. "अन् मामाले इचारू नोको."

म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, ते विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.