ताकाचा अर्धा धडा

आमची आई रोज सकाळी रात्रीचा शिळा भात ताकात कालवून खायची. मी जामसंड्याला शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा तिची चेष्टा करणं हा इतकी वर्षं माझा हक्कच होता. मग कोरोना आला, शाळा मोबाइलवर आली आणि रिकामा मास्तर वाचत बसला. दह्याताकातले जिवाणू, आतड्यातली त्यांची वस्ती, विषाणूशी लढणाऱ्या पेशींना तिथून मिळणारी तालीम. एका सकाळी फुशारकीने सांगून टाकलं, की आये, तुझं ताक म्हणजे औषधच. पोराने जन्मात पहिल्यांदा तिला शहाणी म्हटलं होतं. तिने ते अख्ख्या वाडीत सांगितलं.

पुढे लस आली. आरोग्यसेविका दारात आली तेव्हा मी आतल्या खोलीत मुलांना शिकवत होतो. आईचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"माका सुयेची गरज नाय. माझो झील सायन्सचो मास्तर आसा. तेनाच सांगल्यान, माझ्या ताकात औषध आसा."

उठायला हवं होतं. ताक पोट सांभाळतं, पण हा विषाणू ओळखायला शरीराला लसच शिकवते, एवढंच तर सांगायचं होतं. नाही उठलो. खोटं कशाला बोलू, ते ऐकून मला बरं वाटलं. समजावू पुढच्या आठवड्यात, म्हटलं. असे दोन महिने गेले आणि तिला ताप भरला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, लस झाली होती का. राहिली, म्हणालो. कुणामुळे, ते त्यांनी विचारलं नाही. नवव्या दिवशी आई गेली. लसीने ती वाचलीच असती असं कुणी छातीठोक सांगणार नाही, पण त्या शंकेआड मला लपायचं नाही.

बारावं झाल्यावर शेजारची काकी वाटी घेऊन आली, दिवेलागणीच्या आत, कारण त्यानंतर आमच्याकडे विरजण कुणी देत नाही. तिला आईच्याच दह्याचं विरजण हवं होतं. ह्या ताकाने रोग जवळ येत नाही, असं आईच तिला सांगायची म्हणे. माझं डोकं सणकलं. आधी लस घेऊन ये, नुसत्या ताकाने काही होत नाही, असं मी तिला चांगलं सुनावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मगे ह्या तू आयशीक कित्याक सांगूक नाय?"

मी तिच्या वाटीत विरजण घातलं.