खुंट्यावरचे दोन हात

बुधवारी मास्तरांनी मुलाला घरी आणून सोडलं. त्याच्या हातात पाटी होती. मास्तर उंबऱ्याबाहेर थांबले आणि म्हणाले, "वहिनी, उद्यापासून पाठवू नका." मी पाटी घेतली. ते गेले.

तेव्हा आम्ही भोरला राहत होतो. माझे यजमान संस्थानच्या कचेरीत कारकून होते. मुलगा एकुलता एक. त्याच्याबरोबरची मुलं पुस्तक वाचू लागली होती आणि तो अजून 'ग' गिरवत होता. आदल्या दिवशी वर्गात त्याला आकडी आली. तो बसल्या जागी कलंडला, तोंडाला फेस आला, आणि पोरं ओरडत बाहेर पळाली. संध्याकाळी काही आया मास्तरांकडे गेल्या. हे आमच्या मुलांना लागलं तर काय, असं त्यांचं म्हणणं. मास्तरांचा मला राग आला नाही. त्यांनी त्याला कधी छडी लावली नव्हती.

त्यानंतर लवकरच ह्यांनी वेल्ह्याची बदली मागून घेतली. डोंगरातली ती जागा कोणी आपणहून मागत नसे. कारण ह्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिथं आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं, एवढं पुरे होतं.

वेल्ह्यात मी त्याला शिकवायला लागले. माझे वडील शिक्षक होते. त्यांनी मला मराठी पुस्तकं सगळी वाचू दिली होती, त्यामुळे शिकवता येईल असं मला वाटलं. पाटी, चिंचोके, तांदळात बोटानं काढलेली अक्षरं, सगळं करून पाहिलं. चार दिवसांत एखादं अक्षर त्याच्या ओळखीचं होई. मग आकडी येई, तो दिवसभर झोपे, आणि उठल्यावर त्याच अक्षराकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं पाही. आकडी येऊ नये म्हणून भोरच्या डॉक्टरांचं ब्रोमाइडचं औषध होतं. बाटलीला डोसांच्या खुणांची कागदाची पट्टी चिकटवलेली असे. औषधानं आकड्या कमी झाल्या, पण तो सुस्तावला, जिभेवर शब्द जड झाले, तोंडभर पुळ्या आल्या. औषध द्यावं तर शिकणं नाही, न द्यावं तर तो नाही. मी औषध देत राहिले.

दूध घालायला एक शेतकरीण येई. ती आमच्या ओसरीवर टेकून त्याची थट्टा करी.

"काय पाव्हणं, आज काय शिकला?"

"ग," तो म्हणे.

"काल बी गच व्हता की! तुमच्या आईला दुसरं येत न्हाई जणू."

तो खूप हसे. मग ती माझ्याकडे वळे. "वयनी, कशाला जीव काढताय त्येचा? माझा थोरला कुठं शिकलाय? म्हशी राखतुया, झ्याक हाय."

"म्हशींमागे पाठवला आणि पाण्याकाठी आकडी आली तर?"

तिनं चरवी उचलली. "व्हय," ती म्हणाली, "त्ये बी हाय."

जात्याची गोष्ट अशीच कळली. पहाटे मी दळायला बसे तेव्हा तो समोर येऊन खुंटा धरी. दोन हात खुंट्यावर असले की जातं हलकं फिरतं. त्याला गुंतवून ठेवावं म्हणून मी एका फेऱ्याला एक वार म्हणू लागले. रविवार, फेरा. सोमवार, फेरा. पावसाळा संपेपर्यंत त्याला सातही वार आले आणि, नवल म्हणजे, आकडी येऊन गेल्यावरही ते राहिले. मग महिने आले. मग नात्यातली माणसं, कोण कोणाचा कोण. फक्त जातं थांबलं की तो थांबे. पुढं मला असंही दिसलं की जातं नसलं तरी चालतं; त्याच्या पाठीवर तळहात गोल फिरवत राहिलं की तो तसाच म्हणतो.

मी ह्यांना ते करून दाखवलं. हे कचेरीतून येऊन पाय धूत होते. मुलानं बारा महिने म्हणून दाखवले. ह्यांनी पाय पुसले आणि बराच वेळ पंचा हातातच धरला.

"मग गायत्री येईल त्याला," हे म्हणाले.

मुंज राहिली होती. वय होऊन गेलं होतं आणि भोरची मंडळी प्रत्येक पत्रात विचारत. हे म्हणाले, "मला दुसरं काही नको. नाही वाचलं, नाही लिहिलं तरी चालेल. तेवढं एक त्याच्या तोंडून आलं की तो आपल्यातला झाला. मग मी काही मागणार नाही."

अडचण अशी, की त्याला शिकवत होते मी, आणि तो मंत्र बायकांनी उच्चारायचा नसतो. आम्ही त्यातून वाट काढली. सकाळी हे सोवळ्यात त्याच्यासमोर पाटावर बसत. मी त्याच्या मागे बसे. शब्द ह्यांचे, हात माझा. माझं तोंड बंद. तो अडखळला की माझा हात आपोआप थांबे.

एकदा हे म्हणाले, "हात का थांबवलास?"

"चुकलं ना."

"तुला कसं कळलं?"

"लहानपणापासून ऐकतेय. वडील होते, भाऊ होते."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "बरं. चालू दे हात."

त्या दिवसांत आमच्या घरात जे होतं त्याला मी आनंद म्हणेन. मुलाला ते येऊ लागलं. अर्धं, मग पाऊण, मग एके सकाळी सगळं. हे पाटावरून उठले आणि बाहेर जाऊन तोरण्याकडे पाहत उभे राहिले.

मुंज भोरला झाली. मातृभोजनापर्यंत तो माझ्याजवळ होता. मग त्याला घेऊन गेले. मंत्र देताना बाप आणि बटू यांच्या अंगावरून शाल घेतात. त्या शालीत आईला जागा नसते. मी खांबाशी उभी राहून ऐकत होते. ह्यांचा आवाज आला. मग काही नाही. पुन्हा ह्यांचा आवाज, हळू. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा ह्यांचा आवाज मध्येच तुटला. मग हे मोठ्यानं म्हणाले, "झालं."

भटजी म्हणाले, "झालं, झालं. काढा शाल."

मुलगा बाहेर आला, मला शोधत माझ्याजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझा हात नव्हता."

माझ्या वन्सं हसल्या. "अगं बाई! बटूला अजून आईचा हात लागतो? बायको आली की काय करणार?" सगळे हसले. तोही हसला. हे भिक्षावळीच्या गडबडीत होते.

वेल्ह्याला परतल्यावर सकाळचा पाट मांडला गेला नाही. हे एकटेच संध्या करीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी लोकांसमोर खोटं बोललोय. त्याचं तोंड पाहिलं की तेच आठवतं." मी पुन्हा विचारलं नाही. मुलगा आणि मी दळत राहिलो. वार झाले, महिने झाले, पुन्हा वार.

आणि मग एका पहाटे, नाचणी दळताना, महिने संपल्यावर तो थांबला नाही. त्यानं गायत्री म्हटली. माझा हात खुंट्यावर होता, त्याचा हात माझ्या हाताखाली होता. एकेक फेरा, एकेक शब्द. ह्यांच्यासारखाच स्वर, ह्यांच्यासारखाच शेवटी श्वास. मी जात्याच्या तोंडात नाचणीची वैरण घालायचं सोडून दिलं. जातं थांबू नये एवढंच मला कळत होतं. नाचणी संपली आणि दगडावर दगड फिरू लागला तरी मी ओढत राहिले. त्यानं सगळी म्हटली आणि पुन्हा सुरू केली.

हे दातवण हातात घेऊन दारात आले. "अरे," हे म्हणाले, "जात्यावर नाही म्हणायचं ते. आणि आईसमोर तर नाहीच."

ह्यांचा आवाज चढला नव्हता. ताट ओलांडणाऱ्या मुलाला म्हणावं तसं, विचार न करता, तोंडातून गेलं. ह्यांच्या वडिलांनी ह्यांना जे सांगितलं असेल तेच. मुलानं खुंटा सोडला. जातं एक अर्धा फेरा आपणच फिरलं.

मग ह्यांना उमगलं. दातवण गळून पडलं. "म्हणाला? सगळी म्हणाला?"

"सगळी," मी म्हणाले.

ह्यांनी घाईनं अंघोळ केली, पाट मांडला, त्याला समोर बसवलं. मला म्हणाले, "ये, हात ठेव." मी ठेवला. "म्हण बाळ." त्यानं ह्यांच्या ओठांकडे पाहिलं आणि आपले ओठ मिटून घेतले. "आता म्हणायचं. मीच सांगतोय. म्हण." तो मान हलवू लागला.

"नाही म्हणायचं," तो म्हणाला.

एक अक्षर शिकायला त्याला चार दिवस लागत आणि तेही टिकत नसे. हे वाक्य तो एकदा ऐकून शिकला, आणि ते टिकलं. दुसऱ्या दिवशी हे स्वतः जात्याशी येऊन बसले. मोठ्यानं गायत्री म्हणू लागले, माझ्यासमोर, जात्यावर, सोवळं नाही, काही नाही. मुलानं हात पुढं करून ह्यांचं तोंड झाकलं. "बाबा, नाही म्हणायचं." ह्यांनी तो हात तोंडावरून काढला नाही.

पुढं तो जात्यावर वारही म्हणेना. खुंटा धरी, ओढी, पण मुकाट्यानं. मी रविवार म्हणाले की माझ्याकडे भिऊन पाही. म्हणून मीही बंद केलं. मिसरूड फुटेपर्यंत तो आमच्याजवळ होता. आकड्या वाढल्या, डॉक्टरांनी औषध वाढवलं, नंतर वाढवण्यासारखं राहिलं नाही. श्रावणात एका सकाळी त्याला आकडी आली, ती उतरायच्या आत दुसरी आली, आणि दुपारी तो गेला. औषध घरात होतं. मी दिलं होतं. दूधवाली दिवसभर ओसरीवर बसून राहिली.

मुंज झालेली होती, म्हणून त्याचे दिवस सगळे रीतीप्रमाणे झाले. हे ते करीत होते तेव्हा एक नातलग म्हणाले, "बरं झालं मुंज उरकलीत ती." हे हो म्हणाले.

आता आम्ही पुन्हा भोरला आहोत. संस्थान गेलं, ह्यांची नोकरी संपली. हे संध्या मनातल्या मनात करतात. ओठ हलत नाहीत. पीठ गिरणीतून येतं. जातं माजघरात आहे. खुंटा काढून फडताळात ठेवला आहे.